पाण्याचा बाण

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर, आंद्रा नदीला बांध घालून ठोकरवाडीचा तलाव करण्यात आला आहे. ह्या नदीचे पाणी स्वभावतः पूर्वेकडे जाणारे. इंद्रायणी, भीमा आणि कृष्णा ह्या नद्यांच्या सोबतीने ते बंगालच्या उपसागराला मिळावयाचे. परंतु तलावातील पाणी बोगद्याच्या वाटेने पश्चिमेकडे वळविले आहे. घाटाच्या कड्यावर ते पोलादी नळांत शिरते आणि सुमारे ५०० मीटर खाली, रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथे, टाटांच्या वीजगृहात येऊन पोहोचते. १९२२ साली हे वीजगृह सुरू झाले आणि भिवपुरीची वीज मुंबईला मिळू लागली.

पाण्याच्या अंगी चाके फिरविण्याचे हे सामर्थ्य येते कोठून? नळात उभ्या असलेल्या पाण्याचे सगळे वजन तळाशी असलेल्या पाण्यावर पडत असते. पाण्याची उंची दहा मीटरांनी वाढली, की तळाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलोग्रॅमचा भार वाढतो. ह्या हिशेबाने ५०० मीटर उंचीच्या नळाच्या पायथ्याशी, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, पन्नास किलोग्रॅमचे, म्हणजे धान्याच्या एका भरल्या पोत्याचे, ओझे असते. अशा दाबलेल्या पाण्याला अरुंद तोटीतून वाट करून दिली, की ते सेकंदाला नव्वद मीटरांच्या आसपास वेगाने बाहेर पडते. चाकाच्या कडेला बसविलेल्या वाट्यांवर हा झोत आदळतो, चाक गरगर फिरते आणि दमलेले पाणी संथपणे पेज नदीच्या वाटेला लागते.

दाबून ठेवलेले पाणी वाट मिळताच वेगाने बाहेर पडते, एवढी एकच गोष्ट ह्या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी आहे. हीच गोष्ट शाळेतल्या मुलांना शीतपेयाची रिकामी बाटली, सायकलचा पंप आणि रबरी बूच एवढ्या साहित्यानिशी करून पाहता येते. भिवपुरीत झोत धावतो आणि चाक फिरते. शाळेच्या प्रयोगात झोत खाली धावतो आणि बाटली वर उडते. ह्या उडणाऱ्या बाटलीला पाण्याचा बाण म्हणावे. आग नाही, दारू नाही, धूर नाही. तरीही ज्या नियमाने मोठमोठे अग्निबाण आकाशात जातात, त्याच नियमाने हाही जातो.

बाटलीत पाणी थोडे, आणि ते उंचावरूनही येत नाही. मग त्यावर दाब कोण आणतो? हे काम हवेकडे असते. त्याची खूण रंगपंचमीच्या पिचकारीत पटवून घेता येते. रिकाम्या पिचकारीचा दट्ट्या मागे ओढून, तिचे तोंड बोटाने घट्ट दाबून धरावे आणि दट्ट्या पुढे लोटावा. तो काही अंतर आत जातो आणि सोडताच मागे उसळतो. आता पिचकारीत हवा मुळीच राहू न देता पाणी भरावे आणि तोच प्रयोग करावा. दट्ट्या जागचा हलत नाही. ह्यावरून दोन गोष्टी कळतात. हवा दाबली असता आकसते आणि स्प्रिंगप्रमाणे पुन्हा पसरू पाहते. पाणी मात्र जवळजवळ आकसतच नाही. म्हणजे श्रम साठवून ठेवण्याचा गुण हवेचा आहे, पाण्याचा नव्हे. पंप मारणाऱ्याच्या दंडातील श्रम बाटलीतील हवेत साठतात आणि बूच सुटताच ती हवा पाण्याला बाहेर हाकलते.

मग पाणी हवेच कशाला? नुसत्या हवेने बाटली का उडू नये? ती उडते, परंतु फार उंच जात नाही. त्याचे कारण वजनात आहे. सव्वा लिटरच्या बाटलीत भरपूर हवा दाबून भरली, तरी त्या हवेचे वजन पाच-सहा ग्रॅमच भरते. त्याच बाटलीत ४०० मिलिलिटर पाणी घातले, तर त्याचे वजन ४०० ग्रॅम होते. मागे फेकावयाची वस्तू जितकी जड, आणि जितक्या वेगाने ती फेकली जाते, तितका पुढचा रेटा मोठा. होडीच्या टोकावरून काठावर उडी मारणाऱ्या माणसाला हा अनुभव नेहमी येतो. माणूस पुढे जातो आणि होडी मागे सरकते. मुलाने उडी मारली तर ती थोडी सरकते. धिप्पाड माणसाने मारली तर चांगलीच सरकते.

आयझॅक न्यूटन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गतीचे तीन नियम मांडले. त्यांतील तिसरा नियम असा, की प्रत्येक क्रियेला तेवढीच आणि उलट दिशेची प्रतिक्रिया असते. बाटली पाण्याला खाली ढकलते, त्याच क्षणी पाणी बाटलीला वर ढकलते. हीच गोष्ट दुसऱ्या रीतीनेही पाहता येते. बाटलीतील दाब सर्व बाजूंना सारखा असतो. डाव्या भिंतीवरचा रेटा उजव्या भिंतीवरच्या रेट्याने फिटतो. वरच्या टोकावरचा रेटा मात्र फिटत नाही. कारण त्याच्या समोर, खालच्या बाजूला, बाटलीचे तोंड उघडे असते. हा न फिटलेला रेटाच बाटलीला वर नेतो.

ह्या ठिकाणी एक चुकीची समजूत हटकून आड येते. बाटलीतून सुटलेले पाणी जमिनीवर आपटते, म्हणून बाटली वर उडते, असे पुष्कळांना वाटते. दुसरे काही म्हणतात, की ते पाणी बाहेरच्या हवेला टेकू देऊन बाटलीला उचलते. ही समजूत नुसत्या मुलांची आहे असे नाही. अमेरिकेत रॉबर्ट गोडार्ड नावाचे प्राध्यापक अग्निबाणांवर प्रयोग करीत होते. निर्वात अवकाशातही अग्निबाण चालू शकेल, असे त्यांचे म्हणणे होते. १९२० च्या जानेवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ ह्या प्रसिद्ध वृत्तपत्राने त्यांची थट्टा केली. रेटा देण्यासाठी पुढ्यात काहीतरी असावे लागते, हे साधे तत्त्वही ह्या प्राध्यापकांस ठाऊक नाही, अशा आशयाचा मजकूर त्यात आला. गोडार्ड ह्यांनी वाद वाढविला नाही. प्रयोग चालू ठेवले. १६ मार्च १९२६ रोजी त्यांनी द्रवरूप इंधनावर चालणारा जगातील पहिला अग्निबाण उडविला. तो अडीच सेकंद हवेत राहिला आणि सुमारे साडेबारा मीटर उंच गेला. पुढे १९६९ च्या जुलै महिन्यात माणसे चंद्राकडे निघाली, तेव्हा त्या वृत्तपत्राने आपली ४९ वर्षांपूर्वीची चूक छापून मान्य केली. गोडार्ड त्यापूर्वीच, १९४५ साली, निवर्तले होते.

साडेबारा मीटर ही उंची ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शाळेच्या मुलांनी नीट केलेला पाण्याचा बाण त्याहून उंच जाऊ शकतो. अर्थात त्यामुळे गोडार्ड ह्यांचे काम लहान ठरत नाही. त्यांचा बाण किती गेला, किती वेळ राहिला, कोणत्या इंधनावर चालला, हे सगळे टिपून ठेवलेले होते. म्हणून त्या साडेबारा मीटरांवर पुढच्यांना आपले काम उभारता आले.

आता बाण तयार करण्याची रीत पाहावी. बाटली निवडताना पहिली खबरदारी घ्यावयाची असते. ज्या शीतपेयांत वायू दाबून भरलेला असतो, त्यांचीच प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. पिण्याच्या साध्या पाण्याची पातळ बाटली ह्या कामाला चालत नाही. ती दाब सोसण्यासाठी केलेलीच नसते. काचेची किंवा धातूची वस्तू तर मुळीच वापरू नये, कारण ती फुटली तर तिचे तुकडे गोळीसारखे उडतात. बाटलीवर चीर, घडी किंवा खोल ओरखडा असेल, तर ती बाजूला ठेवावी. बाटली उन्हात तापू देऊ नये आणि तिला गरम करून लावावयाचा डिंकही लावू नये. उष्णतेने हे प्लॅस्टिक नरम पडते आणि नरम पडलेली जागा दाबाखाली प्रथम फाटते.

बाटली उलटी धरली, की तिचे तोंड खाली येते आणि बूड वर जाते. वरच्या बाजूला जाड कागदाचा शंकू बसवावा. त्याचे टोक अणकुचीदार न ठेवता बोथट करावे आणि आत मूठभर ओली चिंधी किंवा पन्नास ग्रॅम शाडूची माती घट्ट बसवावी. खालच्या बाजूला, तोंडाजवळ, तीन किंवा चार पंख लावावेत. पुठ्ठा भिजून लोळागोळा होतो, म्हणून पंखांसाठी प्लॅस्टिकच्या फाइलीचे जाड पान बरे. पंख सारख्या आकाराचे, सारख्या अंतरावर आणि बाटलीच्या उभ्या रेषेत असावेत. ते रुंद चिकटपट्टीने पक्के करावेत.

टोकाला वजन आणि शेपटीला पंख ही योजना फार जुनी आहे. धनुष्यातून सुटणाऱ्या बाणाला पुढे लोखंडी फाळ आणि मागे पिसे असतात, ती ह्याच कारणासाठी. बाण वाऱ्यात थोडा तिरपा झाला, की वारा पंखांवर आदळतो आणि शेपटीला मागे लोटून बाण पुन्हा सरळ करतो. परंतु हे घडण्यासाठी बाणाचा तोल पंखांच्या पुष्कळ पुढे असावा लागतो. ह्याची परीक्षा सोपी आहे. पाणी न भरलेला बाण दोरीने अशा जागी बांधावा, की तो आडवा समतोल लोंबेल. मग दोरी धरून तो डोक्याभोवती गोल फिरवावा. टोक पुढे ठेवून तो फिरला, तर बाण उड्डाणाला योग्य. वेडावाकडा गटांगळ्या खाऊ लागला, तर टोकाचे वजन वाढवावे, अथवा पंख मोठे करावेत.

बाटलीच्या तोंडात बसेल असे निमुळते रबरी बूच घ्यावे. त्यास मधोमध आरपार भोक पाडून त्यातून पितळेची बारीक नळी घट्ट बसवावी. ह्या नळीला आठ-दहा मीटर लांबीची मजबूत रबरी नळी जोडावी आणि तिच्या दुसऱ्या टोकाला सायकलच्या चाकाचा जुना व्हॉल्व बसवावा. व्हॉल्व बुचाजवळ न बसविता पंपाजवळ बसविण्यात दोन फायदे आहेत. एक तर बाण दूर राहतो. आणि काही कारणाने तो उडालाच नाही, तर व्हॉल्वची चकती सैल करून बाटलीतील हवा लांबूनच सोडून देता येते. बाण उभा राहण्यासाठी विटांची किंवा बांबूची तिकाटी करावी. पंख तिकाटीत अडकणार नाहीत आणि बाण सुटताना क्षणभर तरी सरळ वाटेने जाईल, अशी तिची रचना असावी.

ह्यानंतरची पायरी आळसाने गाळली जाते. ती गाळू नये. बाटली गळ्यापर्यंत पाण्याने भरावी, बूच दोरीने बाटलीशी करकचून बांधावे आणि उघड्यावर दूर उभे राहून हळूहळू पंप मारावा. उड्डाणाच्या वेळी जेवढा दाब द्यावयाचा, त्याहून थोडा अधिक दाब देऊन बाटली तशीच काही वेळ ठेवावी. ती टिकली, तर उड्डाणातही टिकण्याचा भरवसा धरता येतो. नाही टिकली, तर थोडे पाणी सांडते, एवढेच. पाणी आकसत नाही, म्हणून त्यात श्रम साठत नाहीत. ते उसळून फुटत नाही. हवेने भरलेली बाटली फुटली, तर मात्र दणका बसतो. मोठे कारखानेदेखील बाष्पपात्रांची आणि नळांची परीक्षा पाण्यानेच घेतात, त्याचे कारण हेच आहे.

पात्राच्या मजबुतीचे महत्त्व अग्निबाणांच्या इतिहासातही दिसून येते. अठराव्या शतकात हिंदुस्थानातील सैन्ये दारूने भरलेले बाण लढाईत वापरीत. मराठ्यांच्या फौजांतही असे बाण होते, आणि तेव्हाच्या मराठीत त्यांना ‘बाण’ असेच म्हणत. म्हैसूरच्या हैदरअली व टिपू सुलतान ह्यांनी बाणाची नळी लोखंडी केली. लोखंडी नळी अधिक दाब सोसते, म्हणून आतील दारू अधिक जोराने वायू मागे फेकते आणि बाण अधिक दूर जातो. १७८० साली पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांना ह्या बाणांचा कडू अनुभव आला. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर असे बाण विलायतेला नेण्यात आले आणि विल्यम काँग्रीव्ह ह्यांनी त्यांचा अभ्यास करून इंग्रजी सैन्यासाठी नवे बाण तयार केले. आज भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या अग्निबाणांची काही प्रचंड पोलादी कवचे पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथील कारखान्यात तयार होतात. शीतपेयाची बाटली आणि हे कवच ह्यांच्या आकारात जमीन-अस्मानाचे अंतर असले, तरी दोहोंकडे एकच प्रश्न विचारावा लागतो: आतला दाब हे पात्र सोसेल काय?

उड्डाणासाठी हिवाळा हा चांगला ऋतू. भाताची कापणी झालेली असते, खाचरे मोकळी पडलेली असतात आणि सकाळच्या वेळी वारा पडलेला असतो. जागा घरांपासून, रस्त्यापासून आणि गुरांपासून दूर पाहावी. विजेच्या तारांच्या जवळपास तर मुळीच जाऊ नये. भिवपुरीसारख्या गावी, जेथून वीजच बाहेर निघते, तेथे ही गोष्ट विशेष लक्षात ठेवली पाहिजे. तारेत अडकलेला बाण काढण्यासाठी काठी, बांबू किंवा ओली दोरी हाती घेणे म्हणजे मरणाला आमंत्रण होय. तो बाण गेला असे समजून सोडून द्यावा आणि वडीलधाऱ्यांस कळवावे.

शिक्षकांच्या देखरेखीवाचून हा प्रयोग करू नये. पंप मारणाऱ्याने डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावावा. इतरांनी पंधरा मीटरांच्या पलीकडे, एका बाजूला उभे राहावे. दाब वाढू लागला, की कोणीही बाणाजवळ जाऊ नये, वरून वाकून तर कधीच पाहू नये. दाब चौरस सेंटीमीटरला तीन किलोग्रॅमच्या सुमारास असावा आणि चारच्या पलीकडे कदापि नेऊ नये. तेवढ्या दाबानेही बूच सुटले नाही, तर ते फार घट्ट बसले आहे असे समजावे, व्हॉल्व सैल करून सगळी हवा जाऊ द्यावी, आणि मगच बाणाला हात लावावा. पडणारा बाण झेलण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा.

तीन किलोग्रॅमचा दाब म्हणजे तीस मीटर उंच नळातील पाण्याचा दाब. दहा मजली इमारतीच्या गच्चीवर टाकी असावी आणि तळमजल्यावरची तोटी उघडावी, तसा हा प्रकार. ह्या दाबाने पाणी सेकंदाला चोवीस मीटर वेगाने सुटू लागते. बाण पाण्यासकट जेमतेम अर्ध्या किलोग्रॅमचा. परंतु आरंभीच्या क्षणी त्याला मिळणारा रेटा वीस किलोग्रॅम वजनाच्या जवळपास असतो. म्हणूनच तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच दिसेनासा होतो. सारे पाणी बाहेर पडण्यास सेकंदाचा दहावा भागसुद्धा लागत नाही. त्यानंतर बाण मिळविलेल्या वेगाच्या बळावर वर चढतो, मंदावतो, क्षणभर थबकतो आणि खाली येतो.

बाण उडाला, टाळ्या झाल्या, आणि सगळे घरी गेले, तर तो खेळ झाला. विज्ञान होण्यासाठी त्याची उंची मोजावी लागते. त्यासाठी कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून त्याच्या टोकाला लहानसा दगड लटकवावा, म्हणजे ओळंबा तयार होतो. उड्डाणाच्या जागेपासून बरोबर तीस मीटर अंतरावर एका मुलाने उभे राहावे. बाण सर्वांत उंच पोहोचताच त्याने कोनमापकाच्या सरळ कडेवरून त्याच्यावर नेम धरावा आणि दोरा बोटाने जागच्या जागी दाबून धरावा. दोरा नव्वद अंशांच्या खुणेपासून जितका ढळला, तितका तो उंचीचा कोन. कोन पंचेचाळीस अंशांचा आला, तर बाणाची मुलाच्या डोळ्यांपासूनची उंची अंतराइतकीच, म्हणजे तीस मीटर. अन्य कोन असेल, तर वहीत प्रमाणाने आकृती काढावी. एका सेंटीमीटरला पाच मीटर असे प्रमाण घेतले, तर तीस मीटरांची पायारेषा सहा सेंटीमीटर होते. कोन पस्तीस अंशांचा असेल, तर काटकोन त्रिकोणाची उभी बाजू ४.२ सेंटीमीटर भरते. म्हणजे उंची एकवीस मीटर. त्यात मुलाच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मिळवावी. भूमितीच्या तासाला काढलेला त्रिकोण असा मोकळ्या रानात उपयोगी पडतो. बाण नेहमी सरळ वर जात नाही. म्हणून समोरासमोरच्या दोन बाजूंना दोघे मापक उभे करून त्यांच्या उत्तरांची सरासरी घ्यावी.

मोजमाप हाती आले, की प्रश्न विचारता येतात. पाणी किती घातले असता बाण सर्वांत उंच जाईल? पाणी अधिक म्हणजे जोर अधिक, असे प्रथम वाटते. पण बाटली पाण्याने भरून टाकली, तर श्रम साठविणाऱ्या हवेला जागाच उरत नाही. शिवाय ओझे वाढते. उलट पाणी फार थोडे घातले, तर फेकण्यासारखे काही उरत नाही. तेव्हा उत्तर कोठेतरी मध्ये असले पाहिजे. सव्वा लिटरच्या बाटलीत प्रथम पाणी मुळीच न घालता, मग २००, ४००, ६०० आणि ८०० मिलिलिटर पाणी घालून प्रत्येकी तीन उड्डाणे करावीत आणि सरासरी उंची आलेखावर मांडावी. बहुधा बाटलीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी सरस ठरते. परंतु हे वाक्य वाचून आलेख काढू नये. आलेख काढून हे वाक्य खरे आहे की नाही ते ठरवावे.

ह्या परीक्षेत एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पाणी बदलावयाचे, तर बाटली, पंख, टोकाचे वजन आणि दाब हे सर्व तसेच राहिले पाहिजे. दाब सारखा ठेवण्यासाठी पंप किती वेळा मारला हे मोजून भागत नाही. बाटलीत पाणी जास्त असले, की हवेची जागा कमी असते आणि थोड्याच फेऱ्यांत दाब चढतो. म्हणून दाबमापक असलेला पंप वापरावा, बुचावर पेन्सिलीची खूण करून ते दर वेळी त्या खुणेपर्यंतच बसवावे, आणि बूच सुटले त्या क्षणी दाबमापकाचा काटा कोठे होता ते लिहावे. एका उड्डाणात काटा भलत्याच आकड्यावर असेल, तर ते उड्डाण वहीत नोंदवून सरासरीतून वगळावे. खोडून मात्र टाकू नये.

न जमलेल्या उड्डाणांची नोंद ठेवणे मुलांना नकोसे वाटते. बाण आडवा गेला, पंख निखळला, बूच गळले, हे लिहून काय मिळणार? भारताच्या अग्निबाणांची कथा ह्याचे उत्तर देते. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा ह्या मच्छीमारांच्या गावातून पहिला अग्निबाण आकाशात गेला. तो अमेरिकेतून आणलेला होता. तेथे एका चर्चच्या इमारतीत संशोधकांची कचेरी होती आणि बाणाचे भाग सायकलवरूनही वाहून नेले जात. चारच वर्षांनी, १९६७ च्या नोव्हेंबरात, रोहिणी नावाचा भारतीय बनावटीचा छोटा अग्निबाण तेथून उडाला. मग उपग्रह कक्षेत पोहोचविणारा अग्निबाण तयार करण्याचे काम सुरू झाले. त्यासाठी लागणाऱ्या घन इंधनाच्या संशोधनात पुण्यात जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. वसंत गोवारीकर ह्यांचा मोठा वाटा होता. १० ऑगस्ट १९७९ रोजी एस. एल. व्ही.-३ हा अग्निबाण श्रीहरिकोटा येथून सुटला आणि समुद्रात कोसळला. कित्येक वर्षांच्या श्रमांचा काही मिनिटांत चुराडा झाला. परंतु त्या उड्डाणात बाणाचे कोणते अंग कसे वागले, ह्याच्या नोंदी हाती होत्या. त्या नोंदी तपासून दोष शोधण्यात आला, दुरुस्त करण्यात आला, आणि वर्षभराच्या आत, १८ जुलै १९८० रोजी, त्याच जातीच्या अग्निबाणाने सुमारे पस्तीस किलोग्रॅम वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन सोडला.

खाचरात आडव्या गेलेल्या बाणालाही असाच काही निरोप द्यावयाचा असतो. पंख वाकला होता काय? टोक हलके झाले होते काय? तिकाटी एका बाजूला कलली होती काय? उत्तर ठाऊक नसेल, तर एकेक गोष्ट बदलून पुन्हा उडवून पाहावे. ज्या वर्गाची वही अशा नोंदींनी भरली, त्या वर्गाला दुसऱ्या वर्षी बाण थोडा अधिक उंच नेण्याची वाट सापडते; आणि पुढच्या इयत्तेत येणाऱ्या मुलांना ती वही हाती घेऊन पहिल्या पानापासून नव्हे, तर शेवटच्या पानापासून काम सुरू करता येते.